जीर्णोद्धार : एका जुन्या शेगडीच्या निमित्ताने

जुन्या वस्तूचे आपण काय देणे लागतो? प्रश्न ऐकून काहींना हसू येईल. वस्तू निर्जीव असते; तिला सुख नाही, दुःख नाही. देणे लागायचे ते देवाचे आणि माणसांचे, वस्तूचे कसले? आणि तरीही घरातील एखादी जुनी वस्तू भंगारवाल्याच्या तराजूत पडते, त्या क्षणी मन थोडे अडखळते. हे अडखळणे निव्वळ भावुकपणा आहे, की त्यात काही नैतिक सत्य दडलेले आहे? उलट बाजूने पाहता, मोडकी वस्तू वर्षानुवर्षे उराशी धरून बसणे हे कृतज्ञतेचे लक्षण मानावे, की मोहाचे? या प्रश्नांचा विचार एखादी साधी, हाताशी असलेली वस्तू समोर ठेवून करावा, या हेतूने स्वयंपाकाच्या गॅसची जुनी शेगडी आणि तिचा घरच्या घरी केलेला जीर्णोद्धार हा विषय येथे घेतला आहे.

शेगडीच का, असे कोणी विचारील. जुने घड्याळ किंवा चांदीचा पेला जपला, तर त्यात कोणाला धोका नसतो. तो कपाटात ठेवावा, सणावारी बाहेर काढावा, पाहुण्यांना दाखवावा. शेगडीचे तसे नाही. ती पुन्हा कामाला लावावी तर तिच्यात विस्तव पेटणार, आणि त्या विस्तवाभोवती घरातील मुलेमाणसे वावरणार. म्हणूनच शेगडी आपल्याकडून प्रामाणिक उत्तर मागते. तिच्यापुढे नुसत्या गोड आठवणी चालत नाहीत.

गॅसवर स्वयंपाक करण्याची कल्पना तशी फार जुनी आहे. इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टन येथे जेम्स शार्प याने १८२६ साली गॅसच्या शेगडीचे पेटंट घेतले. १८५५ च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन यांच्या प्रयोगशाळेत ज्वलनापूर्वीच वायूत हवा मिसळणारा बर्नर तयार झाला, आणि काजळी न धरणारी निळी ज्योत हाती आली. आजही आपल्या ओट्यावरील शेगडी त्याच तत्त्वावर जळते. आपल्या देशात मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली कोळशापासून काढलेल्या गॅसचे दिवे लागले. परंतु सिलिंडरमधून मिळणारा स्वयंपाकाचा गॅस यायला आणखी नव्वद वर्षे लागली. १९५५ साली बर्मा-शेल कंपनीने मुंबईत ‘बर्शेन’ या नावाने तो विकण्यास आरंभ केला. १९६५ साली ‘इंडेन’ आला. त्यानंतरही अनेक वर्षे गॅसची जोडणी मिळणे सोपे नव्हते. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. ज्या दिवशी सिलिंडर घरी येई, त्या दिवशी शेजारीपाजारी पाहायला जमत.

त्या काळी घेतलेल्या शेगड्या आजही काही घरांतून सापडतात. वजनदार, दोन बर्नरच्या, जाड पत्र्याच्या अंगाच्या. कोणाचे अंग एनॅमलचे, कोणाचे चकचकीत मुलाम्याचे. बर्नर मात्र भरीव पितळेचे. बहुधा त्या माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या असतात. मुंबई, पुणे, अहमदनगर येथील जुन्या ख्रिस्ती वस्त्यांतून, तसेच नोकरीनिमित्ताने इंदूर, हैदराबाद, दिल्ली, बंगळूर येथे स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतूनही अशी एखादी शेगडी आढळेल. बदलीच्या प्रत्येक गावी ती ट्रंकांबरोबर गेली, आणि नाताळच्या करंज्या व चकल्या तिच्यावरच तळल्या गेल्या. तिचे काय करावे? पितळेला मोडीचा भाव चांगला येतो. आपल्या भाषेत ‘मोडीत काढणे’ हा शब्दप्रयोगच आहे. वस्तूंबद्दल आपण तो वापरतो, आणि दुर्दैवाने माणसांबद्दलही.

जुन्या वस्तूला पुन्हा उभे करण्यासाठी मराठीत निरनिराळे शब्द आहेत. डागडुजी म्हणजे तात्पुरते भागविणे. नूतनीकरण म्हणजे जुन्याच्या जागी नवे आणणे, किंवा जुने नव्यासारखे दिसेल असे करणे. तिसरा शब्द जीर्णोद्धार. तो बहुधा देवालयांच्या संदर्भात वापरला जातो. परंतु त्या शब्दातील ‘उद्धार’ आपल्या ख्रिस्ती कानांना ओळखीचा आहे. उद्धार म्हणजे वर उचलणे, पडलेल्याला उभे करणे. जे जीर्ण झाले त्याचाही उद्धार होऊ शकतो, हे या एका शब्दाने मान्य केले आहे. ज्याचा उद्धार होतो तो पूर्वीचाच राहतो. त्याच्या जागी दुसरा कोणी आणून बसविला, तर त्याला उद्धार म्हणता येणार नाही. ती अदलाबदल झाली.

आपल्या स्वयंपाकघरांना ही गोष्ट कल्हईवाल्याने फार पूर्वी शिकविली होती. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की त्यात ठेवलेले ताक, आमटी कळकू लागे. मग कल्हईवाला भात्याने निखारे फुलवी, भांडे तापवी, नवसागराची पूड टाकी आणि कथील वितळवून कापडाच्या बोळ्याने आतून फिरवी. धूर उठे आणि पाहता पाहता भांड्याचे अंतरंग चांदीसारखे उजळून निघे. भांडे तेच, त्याच्या काठावर कोरलेले नावही तेच. बाहेरचे पोचे कल्हईवाला काढत बसत नसे. जेथे अन्नाचा स्पर्श होतो, तेथे त्याचे काम असे.

आतील आणि बाहेरील

जुनी शेगडी दुरुस्त करावयास घेणाऱ्याचा हात प्रथम कोठे जातो, हे पाहण्यासारखे असते. बहुधा तो बाहेरच्या अंगाकडे जातो. गंज घासावा, पत्रा रंगवावा, मूठ बदलावी, म्हणजे शेगडी कशी नवी दिसेल! हे काम आनंदाचे आहे, आणि त्यात वाईट काहीच नाही. चिंच व मीठ लावून घासलेले पितळ उजळते तेव्हा घरातील लहान मूलसुद्धा टाळ्या पिटते. परंतु शेगडीचे खरे दुखणे तेथे नसते.

शेगडीत वायूचा प्रवास कसा होतो, हे थोडक्यात पाहू. रेग्युलेटरमधून कमी दाबाने आलेला वायू रबरी नळीतून शेगडीच्या आतील लोखंडी नळीत येतो. तेथून कॉक उघडला की तो जेटच्या सुईएवढ्या छिद्रातून वेगाने बाहेर पडतो. त्या वेगानेच तो बाजूची हवा स्वतःबरोबर ओढून घेतो. दोहोंचे मिश्रण बर्नरच्या पोकळीत पसरते आणि कडेच्या बारीक छिद्रांशी जळते. वायू आणि हवा यांचे प्रमाण योग्य असेल तर ज्योत निळी, स्थिर आणि निःशब्द असते. हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते, भांड्यांचे बूड काळे होते आणि अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू निर्माण होऊ लागतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही.

म्हणजे शेगडीचे आरोग्य ज्या जागांवर अवलंबून आहे त्या सर्व दृष्टीआड आहेत. बर्नरच्या छिद्रांत वर्षांचे उतू गेलेले दूध जळून बसलेले असते. हवा घेणाऱ्या तोंडाशी कोळ्याने जाळे विणलेले असते. कॉकमधील वंगण वाळून खडखडीत झालेले असते. अशी शेगडी वरून आरशासारखी चमकविली आणि आत तशीच ठेविली, तर ती अधिक धोक्याची होते, कारण तिचे बाह्यरूप पाहून घरातील माणसे निर्धास्त होतात. प्रभू येशूने शास्त्री व परूशी यांना दोष देताना स्वयंपाकघरातीलच दृष्टान्त घेतला होता. वाटी आणि ताट बाहेरून घासणाऱ्यांना त्याने सांगितले की, अगोदर आतून स्वच्छ करा, म्हणजे बाहेरूनही स्वच्छ होईल (मत्तय २३:२५-२६). या वचनात बाह्य स्वच्छतेची निंदा नाही. कामाचा क्रम कोणता असावा, एवढे प्रभूने ठरवून दिले आहे.

आमच्या ओळखीचे एक वृद्ध कारागीर आहेत. त्यांना अशा शेगडीचे कॉक उघडताना पाहिले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. कॉकच्या आत निमुळता पितळी खुंट फिरत असतो. त्यांनी दोन्ही कॉकचे खुंट काढले, आणि उजवा कोणता व डावा कोणता हे विसरू नये म्हणून त्यांच्यावर खुणेचे दोरे बांधले. दोन्ही खुंट दिसावयास अगदी सारखे होते. कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “प्रत्येक खुंट आपापल्या घरात घासून बसविलेला असतो. अदलाबदल केली तर दिसायला बसेल, पण गॅस धरणार नाही.” मग त्यांनी जुने वंगण रॉकेलच्या फडक्याने निपटून काढले, उष्णतेत टिकणाऱ्या वंगणाचा अगदी पातळ हात दिला आणि मधले छिद्र बुजले नाही ना, हे उजेडासमोर धरून पाहिले. जेटचे छिद्र साफ करण्यासाठी त्यांनी सुई घेतली नाही. पोलादी सुईने मऊ पितळेचे छिद्र मोठे होते, वायू जास्त सुटतो, आणि साफ केल्याच्या समाधानात शेगडी कायमची बिघडते. त्यांनी जेट भिजवून ठेविले आणि फुंकून मोकळे केले.

त्या दोऱ्यांच्या खुणांत मला एक मोठे नीतितत्त्व दिसले. जीर्णोद्धाराचा आरंभ लक्षपूर्वक पाहण्याने होतो. समोरची वस्तू कशी घडली, तिचा कोणता भाग कोणाशी जुळलेला आहे, तिच्यावर किती जोर लावला तर ती सोसेल, हे जाणून घेण्याआधी हात लावणे म्हणजे उद्धटपणा. आपल्या मंडळ्यांतून तुटलेली कुटुंबे सांधण्याचे काम करणाऱ्यांनाही हेच सांगावेसे वाटते. साफ करण्याच्या उत्साहात सुईने छिद्र मोठे करणारे सुधारक आपण पाहिले आहेत.

नवा वायू आणि जुनी शेगडी

आता दुसरा प्रश्न. जुने जपायचे म्हणजे सर्वच जपायचे काय? शेगडी या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे देते.

प्रत्येक वायूचा स्वभाव निराळा असतो. सिलिंडरमधील वायूत जेवढी उष्णता आहे, तिच्या मानाने नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूत, आकारमान सारखे धरल्यास, निम्म्याहूनही कमी असते. म्हणून एका वायूसाठी केलेले जेट दुसऱ्या वायूला चालत नाही. मुंबईत १९९५ साली महानगर गॅस ही कंपनी स्थापन झाली, आणि पुढे घरोघरी नळाचा गॅस आला. तेव्हा जोडणी करणारा मेकॅनिक शेगडीचे जेट बदलून देत असे, हे अनेक वाचकांना आठवत असेल. ब्रिटनमध्ये तर १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत संपूर्ण देश कोळशाच्या गॅसवरून समुद्रतळाच्या नैसर्गिक वायूवर आला. त्यासाठी सुमारे एक कोटी तीस लक्ष ग्राहकांच्या घरी कारागीर गेले, आणि कोट्यवधी शेगड्या व इतर उपकरणे एकेक करून नव्या वायूला जुळवून दिली. सगळ्याच जुन्या शेगड्या फेकून दिल्या गेल्या नाहीत, आणि जुने भाग जसेच्या तसे ठेवण्याचा हट्टही धरला गेला नाही. ज्या शेगड्यांचे अंग धड होते त्यांचे अंग राहिले, तोंड बदलले. ज्यांच्यात तसा बदल शक्य नव्हता, त्या काढून टाकल्या.

नवा द्राक्षारस आणि जुने बुधले यांचा प्रभूचा दृष्टान्त (मत्तय ९:१७) आपण अनेकदा जुन्याची हेटाळणी करण्यासाठी वापरतो. परंतु त्या दृष्टान्ताचा शेवट पाहावा. रस सांडू नये आणि बुधलेही फाटू नयेत, दोन्ही टिकावीत, याची चिंता त्यात आहे. लूकच्या शुभवर्तमानात तर प्रभूने पुढे असेही म्हटले आहे की, जुना द्राक्षारस प्यालेल्याला तोच बरा वाटतो (लूक ५:३९). जुन्याची चव प्रभूला ठाऊक होती. मात्र त्या चवीपायी नव्याचा नाश होऊ द्यावा, असे त्याने कोठेही सांगितलेले नाही.

म्हणून शेगडीपुढे बसताना दोन याद्या कराव्या लागतात. एक, जे तिचे स्वतःचे आहे त्याची : तिचे अंग, पितळी बर्नर, भांडे ठेवण्याच्या जाळ्या, बैठक. दुसरी, जे झिजण्यासाठीच असते त्याची : रबरी नळी, वॉशर, वंगण, आणि गरज पडल्यास जेट. रबरी नळीच्या बाबतीत तर भावनेला जागाच नाही. पोलादी तारेची जाळी घातलेली प्रमाणित ‘सुरक्षा’ नळीसुद्धा पाच वर्षांनी बदलावयाची असते. आईच्या हातची नळी म्हणून कोणी ती ठेवील, तर तो आईचा सन्मान होत नाही. मंडळीच्या जीवनातही आपण या दोन याद्यांची गल्लत करतो. उपासनेची वेळ, बाकांची मांडणी, वर्गणीच्या वहीचा आकार यांसाठी आपण जिवापाड भांडतो. ही रबरी नळी आहे. प्रेम, प्रार्थना आणि वचन हे पितळ आहे. ते मात्र काजळीखाली दिसेनासे झाले तरी आपली झोप मोडत नाही.

येथे एका गोष्टीची आठवण ठेवणे न्यायाचे होईल. जुन्याचे कौतुक करणे ज्यांना परवडते, त्यांनी नव्याला तुच्छ लेखू नये. चुलीच्या धुराने डोळे गेलेल्या आजीला गॅसची शेगडी हे ईश्वराचे वरदान वाटले होते. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून ज्या गरीब घरांत पहिल्यांदा सिलिंडर आला, त्या घरातील स्त्रीला जुन्या चुलीचे काव्य ऐकविणे हा क्रूर विनोद ठरेल. आजच्या भारतीय मानकानुसार घरगुती शेगडीने इंधनातील किमान ६८ टक्के उष्णता भांड्याला पोहोचवावी लागते. जुनी शेगडी दुरुस्त होऊनही इंधन उधळीत असेल, तर तिच्यावर रोजचा स्वयंपाक करण्याचा आग्रह काटकसरीच्या नावाखाली केलेली उधळपट्टीच होय. पाच हजारांना जेवू घातल्यावर काही फुकट जाऊ नये म्हणून उरलेले तुकडे गोळा करावयास सांगणाऱ्या प्रभूची (योहान ६:१२) दृष्टी तुकड्यांवरही होती आणि भुकेल्यांवरही.

कठड्याची आज्ञा

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. माझ्या वस्तूवरील माझ्या प्रेमाची किंमत दुसऱ्याने का मोजावी?

मोशेच्या नियमशास्त्रात एक छोटीशी आज्ञा आहे, जी आपण वाचतो आणि पुढे जातो. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाही तर कोणी वरून पडल्यास त्या रक्तपाताचा दोष घरावर येईल, असे ती सांगते (अनुवाद २२:८). घर माझे, धाबे माझे, बांधण्याचा पैसा माझा. तरी तेथे कोण येऊन पडेल याचा विचार मी अगोदर केला पाहिजे. शेजाऱ्यावर प्रीती करावी ही थोर आज्ञा येथे चुना आणि दगड यांच्या भाषेत उतरली आहे.

सिलिंडरमधील वायू हवेहून जड असतो. तो गळला तर वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरतो, मोरीतून, दारांच्या फटींतून खाली उतरतो. तिसऱ्या मजल्यावर एखाद्याने हौसेने दुरुस्त केलेल्या शेगडीचा कॉक गळत असेल, तर धोका त्याच्या एकट्याच्या घरापुरता राहत नाही. म्हणून या कामाला काही मर्यादा आहेत, आणि त्या पाळणे हा धर्माचाच भाग समजावा. शेगडीला हात लावण्यापूर्वी सिलिंडरवरील रेग्युलेटर बंद करून नळी वेगळी करावी. साफसफाई, घासणे, छिद्रे मोकळी करणे घरी करता येते. कॉक आणि जोड मात्र जाणकाराकडून करून घ्यावेत. काम संपल्यावर प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. काडी पेटवून गळती शोधण्याचा अघोरी प्रकार कदापि करू नये. शेवटी गॅस एजन्सीच्या मेकॅनिककडून तपासणी झाल्याखेरीज शेगडी वापरात आणू नये. परदेशी बनावटीच्या, ओव्हन असलेल्या कित्येक जुन्या शेगड्यांच्या भिंतींत ॲस्बेस्टॉस भरलेला असतो. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने अशी शेगडी घरी उकलूच नये.

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा जाणवण्यासारखा वास नसतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. ज्या दुर्गंधीने आपण नाक मुरडतो, ती आपल्या रक्षणासाठी घातलेली आहे. सदसद्विवेकाची टोचणी याच जातीची आहे. ती सुखाची नसते, परंतु ती नसती तर आपण झोपेतच गेलो असतो. आणि एक इशाराही येथे आहे : त्या वासात फार वेळ राहिले की नाक बधिर होते, आणि वायू तेवढाच असूनही वास येईनासा होतो. म्हणून अशा वेळी बाहेरून आलेल्या माणसाने ‘वास येतोय’ असे म्हटले, तर घरच्यांनी त्याच्यावर रागावू नये.

नहुश्तान

वस्तू पवित्र आठवणींची असली तरी ती मोडण्याची वेळ येऊ शकते काय? पवित्र शास्त्र याचे धीट उत्तर देते. रानात सर्पदंशाने मरणाऱ्या इस्राएल लोकांसाठी मोशेने देवाच्या आज्ञेने पितळेचा सर्प केला होता. त्याहून पूजनीय स्मृतिवस्तू कोणती असणार? तो सर्प लोकांनी कित्येक शतके जपला. पुढे ते त्याच्यापुढे धूप जाळू लागले. तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला, आणि त्याला ‘नहुश्तान’, म्हणजे केवळ पितळेची वस्तू, असे नाव मिळाले (२ राजे १८:४). राजाने मोशेचा अपमान केला नाही. ज्याच्याकडे तो सर्प बोट दाखवीत होता, त्याच्या आड तो उभा राहू लागला, म्हणून त्याला बाजूला केले.

याच ग्रंथात थोडे पुढे, त्याच हिज्कीयाचा पणतू योशीया मंदिराची भगदाडे बुजविण्याचे काम हाती घेतो. त्या कामाच्या वेळीच हरवलेला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडतो. एक राजा पितळ मोडतो, दुसरा दगड सांधतो, आणि शास्त्र दोघांचीही प्रशंसा करते. तेव्हा जपणे हाच धर्म किंवा मोडणे हाच धर्म, असा एकच नियम सांगून मोकळे होता येत नाही. वस्तू कोणाची सेवा करीत आहे, हे प्रत्येक वेळी विचारावे लागते.

योशीयाच्या कथेतील एक तपशील कारागिरांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. सुतार, बांधकाम करणारे आणि गवंडी यांच्या हाती पैसा सोपविला गेला, पण त्यांच्याकडून हिशेब मागितला गेला नाही, कारण ते प्रामाणिकपणे काम करीत होते (२ राजे २२:७). दुरुस्तीचे काम मुळातच विश्वासाचे असते. कॉकच्या आत वंगण घातले की नाही, हे मालकाला कधीच दिसणार नसते. जो दिसणार नाही अशा ठिकाणी चोख काम करतो, तो देवासमोर काम करतो. आणि अशा माणसाची मजुरी देताना घासाघीस करणारा ‘ख्रिस्ती’ गृहस्थ कोणासमोर वागत असतो, हे त्याने स्वतःलाच विचारावे.

यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. पुष्कळदा जुनी शेगडी उजळली जाते ती आईच्या पश्चात. तिच्या हातांचा स्पर्श त्या मुठीला आहे, असे म्हणत मुलगा ती मूठ प्रेमाने पुसतो. पण त्याच मुठीशी ती चाळीस वर्षे उभी होती, तेव्हा तिच्या दुखणाऱ्या गुडघ्यांसाठी एक उंच स्टूल कोणी आणले होते काय? एक बर्नर नीट पेटत नाही, असे ती सांगत राहिली, तेव्हा कोणाला सवड होती? आईबापांना द्यावयाचे ते ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहिले, असे सांगून हात झटकणाऱ्यांना प्रभूने कठोर शब्दांत खडसावले आहे (मार्क ७:११). मृतांच्या वस्तूंना वाहिलेले प्रेम हेही एक प्रकारचे कुर्बान होऊ शकते. ज्यांच्या घरी आई अजून ओट्यापाशी उभी आहे, त्यांनी शेगडीची दुरुस्ती आजच करावी. ते खरे जीर्णोद्धाराचे पुण्यकर्म होय. आणि त्यासाठी शेगडी पन्नास वर्षांची असण्याची गरज नाही.

व्रणांसहित

शेवटी एक प्रश्न उरतो. शेगडीच्या अंगावरील पोचा, मुठीजवळचा एनॅमलचा उडालेला टवका, यांचे काय करावे? एनॅमल म्हणजे धातूवर सुमारे ८०० अंश सेल्सिअस उष्णतेत वितळवून बसविलेली काच. ते घरी पुन्हा करता येत नाही. वरून रंग फासला तर तो पहिल्या काही दिवसांत करपून निघतो, आणि टवका पूर्वीपेक्षा भेसूर दिसतो. समंजस कारागीर तो टवका स्वच्छ करतो, गंज वाढणार नाही एवढे पाहतो आणि तसाच सोडून देतो. शेगडी वापरलेली आहे, तिने कोणाचे तरी पोट भरले आहे, हे तिने का लपवावे?

आपण ज्याची आशा बाळगतो, ते पुनरुत्थानही असेच आहे. मरणातून उठलेल्या प्रभूच्या देहाला मृत्यूचा स्पर्श उरला नव्हता. तो देह गौरवाने भरलेला होता. तरी थोमाला दाखविण्यासाठी त्याच्या हातांवर व्रण होते (योहान २०:२७). देवाने ते पुसले नाहीत. प्रकटीकरणाच्या शेवटच्या पानांत सिंहासनावर बसलेला सर्व काही नवे करण्याची घोषणा करतो (प्रकटीकरण २१:५). जे आहे त्याच सर्वाला तो नवे करणार आहे; त्याला मोडीत काढून दुसरे काही आणण्याची भाषा त्या घोषणेत नाही. त्या अभिवचनात माझी आणि तुमची ओळख हरवत नाही. जे झिजले ते बदलले जाईल, जे कळकले ते उजळले जाईल, ज्याने दुसऱ्याला इजा होते ते काढून टाकले जाईल, आणि जो मी होतो तो मीच त्याच्यासमोर उभा राहीन.

तेव्हा, प्रिय वाचकहो, जुन्या वस्तूचे आपण काय देणे लागतो, या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. आपण तिच्याविषयीचे सत्य देणे लागतो. ती अजून काम देऊ शकते, तर आळसाने तिला टाकू नये. ती धोकादायक झाली आहे, तर प्रेमाच्या नावाखाली तिला राखू नये. ती साधी वस्तू आहे, तर तिची मूर्ती करू नये. आणि ती दुरुस्त करताना जे दिसणार नाही ते आधी नीट करावे. वस्तूंशी असे सत्याने वागण्याचा सराव ज्या हातांना झाला, त्या हातांना जीर्ण झालेली माणसेही सोपविता येतील. आपल्या प्रत्येक मंडळीत अशी माणसे आहेत, कोणी शेवटच्या बाकावर आणि कोणी कित्येक रविवार न आलेली. त्यांना मोडीत काढण्यापूर्वी कोणीतरी त्यांच्याजवळ बसून, कोठे काय अडले आहे ते शांतपणे पाहावे, एवढीच विनंती.